ओट्यावरचा चहा

मुलीला बॉक्सिंगला घालायला येणारे आईबाप पहिल्याच दिवशी मला एक प्रश्न विचारतात. मोठा बॉक्सर कशानं होतो? बहुतेकांना उत्तर आधीच माहीत असतं, त्यांना ते फक्त माझ्या तोंडून ऐकायचं असतं. अंडी किती द्यायची, बदाम भिजवायचे की कोरडेच, बूट कसले घ्यायचे. मी त्यांच्याकडे संशयानं बघते. हा माझा स्वभावच आहे, त्याला आता इलाज नाही. नवी मुलगी आली की मी तिच्या हातांकडे आधी बघत नाही. तिला सोडायला कोण आलंय ते बघते, आणि ते माणूस दारात कसं उभं राहतं तेही बघते. उत्तर मात्र देत नाही. 'खेळू द्या आधी,' एवढंच म्हणते.

उत्तर मला माहीत नाही असं नाही. पण ते सांगायचं तर रानाच्या मालकाच्या ओट्यावरच्या एका चहाच्या कपापासून सुरुवात करावी लागते, आणि मुलीला सोडून ऑफिस गाठायच्या घाईत असलेल्या माणसाला एवढं ऐकायला सवड कुठली?

आम्ही मेंढरं राखणारी माणसं. चितेगावच्या कडेला, पैठण रोडपासून आत, आमचं पत्र्याचं घर होतं. आई तिथून जवळच्या कारखान्यात मजुरीला जायची आणि आबा वर्षातले बहुतेक दिवस कळपाबरोबर रानोरान असायचे. रोज दुसऱ्याच्या रानात मुक्काम करणाऱ्या माणसाला विश्वास परवडत नाही. लांडगा, कोकरू उचलणारा चोर, मालकाचा कुत्रा आणि अचानक गोड बोलायला लागलेला मालक, या सगळ्यांकडे आबा सारख्याच नजरेनं बघायचे. कुणी विनाकारण हसून बोललं की घरी येऊन म्हणायचे, "ह्याला काय पायजे असंल?" आई त्यांच्यावर वरताण. मी दोघांची लेक, त्यामुळे माझ्यात हे गुण दुपटीनं उतरले.

आबांचा एक शौक होता. कळपात ते एक टकरीचा एडका, म्हणजे झुंजीचा मेंढा, ठेवायचे. जत्रेत एडक्यांच्या टकरी लागायच्या, त्यात आबांचा एडका असला की लांबलांबची माणसं बघायला यायची. टक्कर जवळ आली की आबा त्या एडक्याला कळपातून वेगळा बांधायचे आणि त्याच्याशी असं वागायचे, जणू तो त्यांचा कुणीच नाही. हात लावायचे नाहीत, बोलायचे नाहीत. आम्ही पोरं त्याच्या कपाळावर हात फिरवायला गेलो की काठी उगारून ओरडायचे. टक्कर झाली, जिंकली किंवा हरली, की मग त्याला जवळ घेऊन बसायचे, शिंगांच्या मुळाशी बोटांनी चाचपून कुठं तडा गेलाय का बघायचे, हळद-तेल चोळायचे. लहानपणी मला यात काही विशेष वाटलं नाही. आबा सगळ्यांशीच तुसडे वागायचे.

शाळेसाठी मला शहरात, उस्मानपुऱ्यात मावशीकडे ठेवलं होतं. तिथं एका पोरानं माझ्या वेणीला हात घातला, त्याला मी दिलेलं उत्तर खेळाच्या बाईंनी पाहिलं, आणि शिक्षा करायची सोडून मला उस्तादांच्या हवाली केलं. उस्ताद फौजेतून निवृत्त होऊन आलेले. शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी रिंग बांधली होती, म्हणजे चार खांब आणि दोर. ठोसे मारायची बॅग जुन्या कपड्यांनी आणि वाळूनं भरलेली होती. वाळू खाली बसायची, म्हणून बॅग खालून दगडासारखी आणि वरून उशीसारखी. जिथं मऊ लागेल तिथं मारायची सवय लागू नये म्हणून मुद्दाम तशी ठेवलीय, असं उस्ताद सांगायचे. मला वाटायचं, आळस आहे नुसता.

मी चांगली होते. खोटी नम्रता कशाला? समोरच्याचा खांदा हलायच्या आधी मला कळायचं की काहीतरी शिजतंय. कुणी डावा हात दाखवला की मी उजव्याची वाट बघायची. मी कुणाच्या डोळ्यांवर, पावलांवर, कण्हण्यावर कशावरच विश्वास ठेवायची नाही, आणि रिंगमध्ये त्याचा भरपूर उपयोग होतो. एका मुलीसमोर मात्र माझं सगळं बिनसायचं.

ती मालकाची मुलगी. मालकाचं रान चितेगावला, नोकरी शहरात आणि घर उस्मानपुऱ्यात, शेडपासून हाकेच्या अंतरावर. पीक निघालं की त्यांच्या रिकाम्या रानात आमची मेंढरं बसायची. मेंढरं मुक्कामाला बसली की जमिनीला लेंडीखत मिळतं, त्या बदल्यात मालक धान्य देतो. माझ्या आजोबांपासून हे चालत आलेलं होतं. आमच्या घरातल्या भाकरीची ज्वारी बहुतेक त्याच रानातली. सुट्टीत मालकाची मुलगी फ्रॉक घालून रानात यायची आणि मी तिला कोकरू धरायला द्यायची. वयानं आम्ही सारख्याच, तरी मी तिला ताई म्हणायची. तशी पद्धतच होती, कुणी शिकवावी लागली नाही.

आता तीच ताई माझ्यासमोर ग्लोव्हज घालून उभी राहायची, कारण आमचं वजनही सारखंच. सरावात माझा हात तिच्या नाकापर्यंत जायचा आणि थांबायचा. मी थांबवत नव्हते, तो आपोआप थांबायचा. उस्ताद दोरावर हात आपटायचे.

"हात कायकू रुकता तेरा? पीछे से कोन पकडरा?"

"कोन नाय, उस्ताद."

"झूट नक्को बोल. मेरेकू दिखरा."

ताईलाही ते दिसत होतं आणि तिला त्याचा संताप यायचा. एकदा सराव संपल्यावर तिनं मला नळाजवळ गाठलं. "तू मला सोडतेस," ती म्हणाली.

"नाय ताई."

"बघ, ताई म्हणतेस. तिथंच सोडतेस. मला असं जिंकायचं नाही. निवडीच्या दिवशी सोडलंस तर आयुष्यात तुझ्याशी बोलणार नाही."

मी मान डोलावली आणि मनात म्हणाले, ही मला चिथावतेय. मी अंगावर धावून जावं आणि उघडी पडावं असा डाव असणार. माझ्यासारखीनं दुसरं काय समजायचं?

निवड दिवाळीनंतर होती. आमच्या वजनात जिल्ह्यातून एकच मुलगी राज्याच्या स्पर्धेला जाणार होती, आणि ती एक आमच्या दोघींतलीच असणार हे शेडमधल्या सगळ्यांना माहीत होतं. ताई हरली तर ताई कॉलेजला जाणार होती. मी हरले तर मी कळपावर जाणार होते. आबांनी स्वच्छ सांगितलं होतं, "आईचं गुडघं गेल्यात, माझ्याच्यानं एकट्यानं कळप व्हईना. निवड झाली तर ऱ्हा शहरात, खेळ. नाय झाली तर बिस्तरा घेऊन ये." त्यात त्यांची काही चूक नव्हती. पण मला कळपावर जायचं नव्हतं. माझं जे काही चांगलं होतं ते त्या चार दोरांच्या आत होतं, आणि ते सोडून मेंढरांमागं चालायचं या विचारानं मला घाम फुटायचा.

त्याच सुमाराला मी उस्तादांच्या दारात मालकाच्या गाडीतून ज्वारीचं पोतं उतरताना पाहिलं. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. ते पोतं उस्ताद दरवर्षी मालकाकडून विकत घेतात हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी उस्तादांनी ताईला दिलेल्या प्रत्येक शाबासकीत ज्वारी शोधत होते.

दिवाळीच्या सुट्टीत मी चितेगावला गेले. घरात वेगळीच चिंता होती. मालकाला यंदा रानात मोसंबी लावायची हुक्की आली होती. मोसंबीची रोपं असलेल्या रानात मेंढरं कोण बसू देईल? आबांनी विचारलं तर मालक नुसतं "बघू" म्हणाले होते. मालकाचं 'बघू' आमच्याकडं 'नाही'च्या शेजारी बसवतात.

मी दुपारी कॅनॉलच्या कडेनं सरपण गोळा करत होते. तिथून मालकाच्या शेतातल्या घराचा ओटा दिसतो. ओट्यावर मालक खुर्चीत आणि आबा खाली पायरीवर बसले होते, आणि आबांच्या हातात कपबशी होती.

आमच्यात पोरासोरांनाही त्याचा अर्थ कळतो. मेंढरं बसवायची बोलणी करायला गेलं की पाणी सगळीकडंच मिळतं. बोलणं जमलं नाही तर त्या पाण्यावर उठायचं. जमलं तरच चहा येतो. लहानपणी आम्ही लांबून झाडाआड उभे राहून बघायचो आणि कप दिसला की आईकडे पळत सुटायचो, यंदा इथंच, यंदा इथंच! दरवर्षी आबाही परतताना बांधावरूनच आईला हाक मारायचे, "ठरलं गं!"

त्या दिवशी मी पळत गेले नाही. मालक हसत नव्हते, आबाही हसत नव्हते. आबा बशीत चहा ओतून सावकाश पीत होते आणि मध्येच काहीतरी बोलत होते. मालकानं एकदा कपाळाला हात लावला. मग आबा उठले, वाकून नमस्कार केला आणि चालू लागले.

घरी आले तेव्हा आई भाकरी थापत होती. मी सरपण टाकून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. आत्ता 'ठरलं' म्हणतील, मग म्हणतील. काही नाही. जेवायला बसले, मुकाट्यानं जेवले आणि मग माझ्याकडे न बघता विचारलं, "मालकाची पोर बी हाय ना त्या निवडीत?"

"हाय."

"तुजा हात उठतो का तिच्यावर?"

"उठतो."

"खोटं बोलू नको," आबा म्हणाले आणि उठून गेले.

माझ्या डोक्यात सगळं एका जागी येऊन बसलं. मालकानं 'बघू' म्हटलेलं, मग अचानक चहा, त्यावर आबांचं गप्प बसणं आणि वर हा प्रश्न. रानाच्या बदल्यात मालकाला काय पाहिजे असेल? हा तर आबांचाच प्रश्न होता, मी तो त्यांच्यावर फिरवला आणि उत्तर मिळालं. मालकाला लेकीची निवड पाहिजे होती. आबांनी मला रानासाठी पणाला लावलं होतं.

पुढचे दिवस आबा माझ्याशी बोलले नाहीत. मी समोर आले की दुसरीकडे बघायचे. मी शहरात परत निघाले की दरवेळी ते माझ्या डोक्यावर हात ठेवायचे, नेमाने, अगदी भांडण झालेलं असलं तरी. त्या दिवशी ते बांधावर पाठ करून उभे होते. मी वाकून पाया पडले तर पाय मागे घेतले आणि म्हणाले, "जा." गाडीत बसेपर्यंत मी मागे वळून बघत होते. ते एकदाही वळले नाहीत. अपराधी माणूस असाच वागतो, मला खात्री पटली.

मावशीला मी हे सांगितलं. ती कुणाच्या तरी घरची भांडी घासून आली होती आणि पाय चेपत बसली होती. "तुज्या बानं आजवर कुणाला एक कोकरू फुकट दिलं नाय," ती म्हणाली, "लेक देईल व्हय?"

"फुकट कुठं दिली? रान घेतलं ना बदल्यात."

मावशीनं पाय चेपणं चालू ठेवलं, आणि मला तेही संशयास्पद वाटलं.

निवडीच्या दिवशी हॉलमध्ये गर्दी फार नव्हती. आबा आले नव्हते. मी लाल कोपऱ्यात, ताई निळ्या. उस्ताद माझ्या हातांना पट्ट्या बांधत होते तेवढ्यात मालक चालत माझ्याकडे आले. स्वतःच्या लेकीचा कोपरा सोडून माझ्याकडे! उस्तादांनी त्यांना वाट करून दिली.

"दमानं खेळ गं पोरी," मालक म्हणाले. "कशाचा इचार करू नको. तुज्या बाशी माझं बोलणं झालंय."

एवढं उघड? पंच समोर बसलेत, लोक बसलेत, आणि हा माणूस मला सौद्याची आठवण करून द्यायला येतो? मी हेडगार्डचा पट्टा इतका घट्ट ओढला की कान दुखायला लागले.

पहिल्या फेरीत जे रोज व्हायचं तेच झालं. माझा हात जायचा आणि तिच्या नाकापाशी थांबायचा. फरक एवढाच की आता मला तो कुणी धरलाय हे माहीत होतं. मी हरले तर आबांचा सौदा पुरा होणार होता, मेंढरं रानात बसणार होती, आईला ज्वारी मिळणार होती आणि मी बिस्तरा गुंडाळून कळपावर जाणार होते. मी जिंकले तर रान जाणार होतं. असा विचार करत कुणी ठोसे मारू शकतं का? ताईनं माझ्या तोंडावर दोन सरळ बसवले. तिसरा चुकवताना मी दोरावर आपटले. घंटा झाली.

उस्तादांनी माझ्या तोंडात पाणी ओतलं. "कोन है पीछे?"

"आबा."

"कां है? हॉल में तो नई दिखरे."

"हायेत उस्ताद. तुम्हाला नाय दिसणार."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मला वाटलं आता रागावतील. पण ते हळू आवाजात म्हणाले, "सुन बेटा. ताकत सबके पास रहती. दिमाग बी रहता. जिसका हात पूरा छुटेला है ना, वोच बडा बॉक्सर. बाकी सब कसरत."

आणि मला राग आला. उस्तादांचा, मालकांचा, सगळ्यात जास्त आबांचा. पायरीवर बसून बशीतून चहा पिणारे आबा डोळ्यासमोर आले, ते सावकाश पिणं तर फारच खुपलं. मला न विचारता माझा हात विकणारे हे कोण? जाऊ दे रान. बसू देत मेंढरं डांबरी रस्त्यावर. मोडते तुमचा सौदा, मग बघू चहा कसा गोड लागतो ते.

दुसऱ्या फेरीत माझा पहिला डावा ताईच्या बरगडीवर बसला आणि आवाज हॉलच्या दारापर्यंत गेला असेल. ती वाकली, सावरली आणि माझ्याकडे बघून दातातली रबरी पट्टी दिसेपर्यंत हसली. डाव आहे, मी म्हटलं, आणि आणखी एक ठेवला. मग तीही सुटली. इतक्या महिन्यांत आम्ही दोघी एकमेकींशी पहिल्यांदाच खरं खेळत होतो. तिच्या नाकातून रक्त आलं. पंचांनी थांबवून पुसलं, मी बाजूला उभी राहून तिच्याकडे बघत होते, आणि माझा हात पुढं जायला शिवशिवत होता. शेवटच्या फेरीत कुणी किती मारलं ते मला आठवत नाही. पंचांनी माझा हात वर केला तेव्हा मला आनंद झाला नाही. आता चितेगावला काय झालं असेल, एवढंच मनात आलं.

ताई माझ्या गळ्यात पडली. रक्ताचा डाग माझ्या बनियनवर लागला. "आज एकदाही ताई म्हणाली नाहीस," ती कानात म्हणाली. मालक लांबून बघत होते. जवळ आले नाहीत, नुसतेच मान हलवून बाहेर गेले. मोडला ना सौदा, मी म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी मी चितेगाव गाठलं. जिंकल्याचं सांगायला नव्हे, आबांना पकडायला. मेंढरं मालकाच्या रानात बसली असतील, आबा तिथं घोंगडीवर बसले असतील आणि मी समोर उभी राहून विचारणार होते, किती दिवसांचं रान मिळालं माझ्या बदल्यात? वाक्य मी वाटेत घोकून ठेवलं होतं.

रान मोकळं होतं. एक मेंढरू नाही, लेंडी नाही, खुरांचा माग नाही. ओट्यावर मालक एकटेच बसले होते. मला बघून त्यांनी हाक मारली.

"तुजा बा इथं नाय. बिडकीनच्या अंगाला माळावर हाय."

"माळावर? तिथं काय हाय खायला?"

"त्यालाच इचार. मी तर यंदा मोसंबीचं सोडून दिल्तं. हो म्हणायचं म्हणून बसलो होतो. तर त्योच येऊन म्हणतो, मालक, यंदा दुसरा कळप बगा." मालक खुर्चीत पुढे झुकले. "तुला बोलला नाय व्हय?"

मी उभी होते तिथंच पायरीवर बसले.

"मी म्हणलं, अरे कामून? तुज्या बापापास्नं मेंढरं बसत्यात इथं. तर म्हणतो, माझी पोर तुमच्या रानाचं खाऊन मोठी झाली. तिचा हात तुमच्या पोरीवर उठंना. रान सुटल्याबिगर हात सुटायचा नाय. मी म्हणलं, येड्या, खेळ हाय त्यो पोरींचा. तर मला म्हणतो, मालक, तुमच्यासाठी खेळ हाय."

"पण चहा... मी कप बघितला होता. तुम्ही चहा पाजला त्यांना."

"मंग? इतक्या वर्षांचा माणूस सोडून चाल्ला, त्याला पाण्यावर उठू देऊ व्हय?" मालक म्हणाले. त्यांच्या आवाजात राग होता आणि दुःखही होतं. "हॉलात मी तुला सांगाया आल्तो, बोलणं झालंय, तू मोकळी हाईस. तू तर माझ्याकडं असं बघितलंस, जसं मी कोकरू चोरलंय."

मी बिडकीनकडे जाणारी गाडी पकडली आणि उतरून माळ चढले. नुसते खडक आणि कुसळं. मेंढरांची पोटं आत गेली होती. आबा एका दगडावर बसून काठीनं उगाच माती उकरत होते. मला बघून उठले नाहीत.

"झाली निवड?"

"झाली." आणि मग माझा बांध फुटला. "मला कामून सांगितलं नाय? मला वाटलं तुम्ही मला इकलं! मालकाला हरायचं वचन दिलं असं वाटलं मला. तोंड फिरवलं, डोक्यावर हात ठेवला नाय, पाय मागं घेतलं. कामून केलं असं?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

"काय म्हंजी?"

"माझ्यापायी रान गेलं म्हणून बसली असतीस. आदीच जड हात, अजून जड केला असता. मालकाचं खाऊन तुला त्याच्या पोरीवर सोडणं मला जमंना, म्हणून रान सोडलं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "राग आल्ता का?"

"लई."

"मंग बरं झालं."

"आन हरले असते तर?"

"तर रान बी गेलं असतं आन तू बी इथंच आली असतीस." हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं, पाऊस नाही पडला तर चारा नाही असं सांगावं तसं. मग दगडावरून सरकून त्यांनी मला बसायला जागा केली. "टकरीच्या आदी एडक्याला हात लावत नसतो मी. एवढं बगून मोठी झालीस, तुला म्हाईत नाय व्हय?"

त्यांनी माझा उजवा हात ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला, उलटा केला आणि बोटांच्या मुळांशी एकेक सांधा अंगठ्यानं दाबून बघू लागले. पिशवीतून हळद-तेलाची बाटली काढली. एडक्याची बाटली होती ती, मला तिचा वास ओळखीचा होता.

"हितं दुखतं का?"

"नाय."

"खोटं बोलू नको," आबा म्हणाले आणि चोळत राहिले.

मी मान खाली घातली. मग त्यांचा दुसरा, तेलानं माखलेला हात माझ्या डोक्यावर आला आणि बराच वेळ तिथंच राहिला.